दोन मेंदू एका टेबलावर ठेवा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी अ‍ॅनाटॉमी शिकवून रिटायर झालेली बाई, लालबागला राहते. फर्स्ट एमबीबीएसची बॅच ब्रेनवर आली की मी आदल्या दिवशी आमच्या खाटकाला सांगून ठेवायचे, दादा दोन मुंड्या द्या पण सत्तूर मारू नका. पहिल्यांदा त्याला वाटलं घरी पाहुणे येणारेत. मुंडी मधोमध फोडली की भेज्याचे दोन तुकडे होतात, फ्रायला ते चालतं, क्लासला नाही चालत.

मग टेबलावर एका ट्रेमध्ये देहदानातून आलेला माणसाचा मेंदू, तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, आणि शेजारी बोकडाचा, तळहातावर मावेल एवढा. पोरं आधी हसायची, बाहेर भेजा फ्राय खाणारी तर जास्तच, आणि मग पाच मिनिटात गप्प व्हायची. कारण बोकडाच्या मेंदूला पुढे वासाचे दोन गोळे अंगठ्यासारखे बाहेर आलेले असतात आणि माणसात तिथे एवढीशी दोरी, ती पण मेंदू काढताना अर्ध्या वेळा तुटते. पुस्तकात दहा वेळा वाचून जे डोक्यात जात नाही ते तिथे बघून जातं. छोटा मेंदू बोकडात मागे उघडा दिसतो, आपल्यात मोठ्या मेंदूखाली झाकला गेलाय.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे भेजा काढल्यावर कवटीच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्यांची एक बारीक जाळी दिसते, रेटे मिराबिले म्हणतात तिला. गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याने जनावरं फाडून पाहिली आणि ही माणसातही असते असं लिहून ठेवलं, आणि हजार वर्षांपेक्षा जास्त काळ डॉक्टर तेच घोकत बसले. व्हेसालियस या अ‍ॅनाटॉमीच्या मास्तराने 1543 च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं की माणसात ती नाही, आणि हेही कबूल केलं की आपण स्वतः लोकांसमोर माणसाचं डोकं उघडताना शेजारी कोकराचं किंवा बैलाचं डोकं ठेवायचो, ती जाळी दाखवता यावी म्हणून! म्हणजे दोन डोकी एका टेबलावर ठेवायची आयडिया माझी नाहीच, फक्त त्याने झाकायला ठेवली, मी फरक दाखवायला ठेवत होते.

मग एका वर्षी वरून विचारणा झाली की मेडिकल कॉलेजात बकरा कशाला. फाइल फिरली, कोणीतरी यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) 2014 चं झूलॉजीतल्या डिसेक्शनवरच्या बंदीचं पत्रक काढून दाखवलं, आणि बंद झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ती बंदी जिवंत जनावरं क्लाससाठी मारली जाऊ नयेत म्हणून, ती योग्यच आहे, पण सकाळीच दुकानात टांगलेल्या बोकडाला तिचा काय उपयोग हे मला अजून कळलेलं नाही.

आता ह्याचा दवाखान्याशी काय संबंध असं कोणी विचारेल म्हणून सांगते. माणसात मेंदूच्या वरच्या थरातून कॉर्टिकोस्पायनल नावाची, हात-पाय हलवायचा हुकूम नेणारी वाट निघते ती कमरेपर्यंत उतरते, म्हणून स्ट्रोक आला की उलट बाजूचा हात-पाय जातो. शेळी-मेंढीत हीच वाट मानेतच संपते, चालण्याचं काम ब्रेनस्टेममधली (मेंदूच्या देठातली) जुनी केंद्रं बघतात. कुत्र्यातही मोटर कॉर्टेक्सला, म्हणजे वरच्या थरातल्या हालचालीच्या भागाला, इजा झाली तरी तो बऱ्यापैकी चालत राहतो. हे ज्याला माहीत नाही तो एखादं औषध प्राण्यांवर चाललं असा रिसर्च वाचून उगाच खूश होणार.

माझा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर. गाय अडली की हा तिची शेपटी हँडपंपासारखी वरखाली करतो, दुसऱ्या हाताचं बोट शेपटीच्या मुळाशी, जिथे सांधा हलताना लागतो तिथेच भुलीची सुई. आपल्यात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो म्हणून सुई त्याच्या खाली जाते, गाईत तो बराच मागेपर्यंत गेलेला असतो म्हणून शेपटी गाठावी लागते. गोठ्यातला हा पाच मिनिटांचा प्रकार बघितला असता तर माझ्या अर्ध्या पोरांनी व्हायवात (तोंडी परीक्षेत) लंबर पंक्चरची, म्हणजे कमरेत सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायची, लेव्हल चुकवली नसती.

आणि रेबीज! पूर्वी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची ती आठवतात ना? सेम्पल साहेबाने 1911 मध्ये कसौलीला काढलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. मेंढीचं मायलिन (नसांवरचं वेष्टण) आणि आपलं मायलिन इतकं सारखं की काही लोकांच्या शरीराने त्या लसीनंतर स्वतःच्याच नसांवर हल्ला केला आणि लकवा झाला. आणि निदानासाठी नेग्री बॉडी, म्हणजे रेबीजमुळे मेंदूच्या पेशीत दिसणारे ठिपके, शोधायच्या तर कुत्र्यात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात बघायचं, गाई-म्हशीत सेरेबेलममध्ये, म्हणजे छोट्या मेंदूत. आता टेस्ट बदलल्या, पण कुठल्या प्राण्यात काय कुठे शोधायचं हे अ‍ॅनाटॉमीच सांगते.

परळमध्ये 1886 पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे, 1926 पासून केईएमचं जीएस मेडिकल आहे. जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आणि लसींचं हाफकिनसुद्धा तिथेच. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, वडापावची गाडीसुद्धा कॉमन असेल. तरी माझ्या सगळ्या नोकरीत व्हेटची पोरं मेडिकलच्या पोरांबरोबर एका टेबलाशी उभी राहिलेली मी एकदाही पाहिली नाही. वर्षातून दोन दुपारी, एक इकडे एक तिकडे, एवढंच मागते. व्हेटवाल्यांनी घोडा-म्हैस-कुत्र्याचे मेंदू दाखवावेत, मेडिकलवाल्यांनी माणसाचा. परीक्षेत मार्क नाही दिले तरी चालेल.

ट्रे, ग्लोव्हज, फॉर्मलिन कॉलेजचं. मुंड्या मी आणून देईन, आमचा खाटक अजून न फोडता देतो, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं.

– निवृत्त अ‍ॅनाटॉमी शिक्षिका, लालबाग, मुंबई