विचारवंत फायलींमध्येही असतात

संपादक महोदय,
विचारवंत गप्प का, असा सूर सतत ऐकू येतो. मी औषधशास्त्र शिकवते. मला विचारवंत म्हटले की अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत औषधांचे अर्ज तपासणाऱ्या डॉ. फ्रान्सिस केल्सी आठवतात. १९६० मध्ये थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या परवानगीचा अर्ज त्यांच्याकडे आला. युरोपात गोळ्या सर्रास विकल्या जात होत्या, कंपनीचा तगादा सुरू होता. ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरने लिहिलेले पत्र त्यांनी वाचले: गोळ्यांनी हातापायांना मुंग्या येतात. मग गर्भाचे काय? सुरक्षिततेचा पुरावा मिळाला नाही, म्हणून त्यांनी मंजुरी दिलीच नाही. इतरत्र गरोदरपणी ही गोळी घेतलेल्या मातांची हजारो बाळे व्यंग घेऊन जन्मली. केल्सींच्या वरिष्ठांनी त्यांना साथ दिली, हेही मला तितकेच मोलाचे वाटते. आज असे ‘नाही’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाच्या पाठीशी कोण उभे राहते, यावरही आपण लिहावे.

— औषधशास्त्राची एक प्राध्यापिका