कर साखरेवर हवा, बुडबुड्यांवर नको

देवगड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फसफसणाऱ्या शीतपेयांवर 40 टक्के जीएसटी असूनही मधुमेह वाढतोच आहे, तेव्हा असल्या करांनी आरोग्य सुधारत नाही, हा तुझ्या पत्रातला निष्कर्ष मला पटला नाही. आपला कर चुकीच्या ठिकाणी बसला आहे, असे मला वाटते.

माझ्या दुकानाच्या फळीवरच बघ. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटे, चॉकलेट, फरसाण आणि टेट्रापॅकमधले आंब्याचे गोड पेय यांवर 5 टक्के कर आहे. साखरेचा कणही नसलेल्या डाएट कोलावर मात्र साध्या कोलाइतकाच, म्हणजे 40 टक्के. कंपनीने साखर निम्मी केली तरी तिचा कराचा एक पैसा वाचत नाही, मग ती साखर कमी कशाला करील?

ब्रिटनने 2016 साली घोषणा करून एप्रिल 2018 पासून शीतपेयांवर जो कर लावला, तो 100 मिलिलिटरमागे साखर किती यावर ठरतो, आणि 5 ग्रॅमच्या आत असेल तर लागतच नाही. मधल्या दोन वर्षांत अनेक उत्पादकांनी आपणहून साखर घटवली, त्यामुळे ज्यांनी सवय बदलली नाही त्यांच्याही पोटात ती कमी गेली. मेक्सिकोत 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लागल्यावर पहिल्या वर्षी खरेदी सुमारे 6 टक्क्यांनी उतरली, गरीब घरांत त्याहून अधिक. खरेदी उतरली म्हणजे रोग उतरला असे नव्हे, हे मी मान्य करतो. डेन्मार्कचा स्निग्धपदार्थांवरचा कर तर लोक लोण्यासाठी जर्मनीत जाऊ लागल्याने सव्वा वर्षातच गुंडाळावा लागला.

तू म्हणशील, मग वहिनीच्या अमृत कोकमाचे काय? रातांब्याच्या साली साखरेत मुरवूनच ते होते, आणि त्यावर तिच्या घरचा बराच खर्च भागतो. तरीही ग्रॅमवर कर लागला तर तो त्यालाही लागावा, असेच मी म्हणेन, आणि हे मी तिला सांगितलेही आहे. कारण मधुमेहामुळे दादाच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती, ते आम्ही दोघांनी पाहिले आहे. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते. यंदा तिने आगळाच्या बाटल्या जास्त भरल्या आहेत. मे महिन्यात येशील तेव्हा मीठ-जिरे घालून तेच देऊ. दादाही आता तेच घेतो.

तुझा मित्र