तासात मूल किती मिनिटं बोलतं, ते विचारा

संपादक महोदय,

वक्तृत्व-वादविवादाच्या वर्गात मुलाचं नाव घालताना पालक हमखास विचारतात, ‘स्पर्धेला कधी उतरवणार?’ त्याआधी विचारायला हवं ते हे, की तासाभरात मूल स्वतः उभं राहून किती मिनिटं बोलणार? ६० मिनिटांत ३० मुलं असतील, तर शिक्षकांनी चकार शब्द न काढताही प्रत्येकाच्या वाट्याला २ मिनिटं येतात. १० मुलांच्या तुकडीत ३ मिनिटं बोलणं आणि त्यावर २ मिनिटं सूचना, एवढं जेमतेम बसतं. तुकडी याहून मोठी झाली की मुलं बोलायला नाही, ऐकायला येतात.

लिहून दिलेलं भाषण घोकून घेणं हा दुसरा घोळ. त्यात एक ओळ निसटली की पुढचं सगळं अडतं, कारण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला बांधलेली असते, मुद्द्याला नाही. नवख्याने सुरुवातीची दोन आणि शेवटची दोन वाक्यंच पाठ करावीत. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन मुद्दे, प्रत्येकी तीन-चार शब्दांत. सावकाश बोललं तर ३ मिनिटांत साधारण तीनशे ते साडेतीनशे शब्द होतात. त्यातलं अर्धं मिनिट ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ यातच खर्ची पडतं, ही गोष्ट वेगळीच.

आवाजाचं एक दुखणं खास मराठीतलं आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवख्याचा श्वासही नेमका तिथेच संपतो. मागच्या रांगेला ‘ही सक्ती योग्य…’ एवढंच ऐकू येतं; पुढचं ‘आहे’ की ‘नाही’ हे बोलणाऱ्याच्या घशातच राहतं. म्हणून वाक्यं बारा-पंधरा शब्दांची ठेवावीत, श्वास वाक्याच्या आधी घ्यावा आणि घरी मोठ्याने वाचताना शेवटच्या शब्दाखाली रेघ मारून तो पहिल्या शब्दाइतकाच ठासून म्हणावा.

वादविवादात मुलं अडखळतात ती खंडनात. विषय गृहपाठ बंद करण्याचा आहे असं धरू. समोरचा म्हणतो, ‘गृहपाठाने सराव होतो.’ नवखा उत्तर देतो, ‘पण ताण येतो.’ हा नवा मुद्दा झाला. सरावाचा मुद्दा जागच्या जागी शाबूत. ‘घरी चूक दाखवायला कोणी नसतं, त्यामुळे चुकीचाच सराव पक्का होतो, वर्गात ती लगेच दुरुस्त होते’ हे खरं खंडन. ते सुचायला आधी नीट ऐकावं लागतं, आणि समोरचा बोलत असताना मुलं नेमकी स्वतःचं पुढचं भाषण लिहीत बसतात! कागदावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे त्याचा मुद्दा, उजवीकडे त्यासमोरच आपलं उत्तर. उजवी बाजू जिथे कोरी राहील, तिथे आपण उत्तर दिलेलं नाही हे मुलाला स्वतःलाच दिसतं. दर आठवड्याला बाजूही बदलावी. आवडती बाजू मांडताना तिच्यातली भोकं दिसत नाहीत.

स्पर्धेचं म्हणाल, तर समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगून मगच तो खोडायला मूल लागलं, की खुशाल उतरवावं.

– वक्तृत्व व वादविवाद शिकवणारे काही शिक्षक