विल्यम डायरने पत्नीची साथ सोडली नव्हती

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत, क्वेकर या ख्रिस्ती पंथावरील बंदी मोडून बॉस्टनला परतल्याबद्दल १६६० मध्ये फाशी गेलेल्या मेरी डायरला अर्धे पान दिल्याबद्दल आपले आभार मानावेत, असे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाटत होते. तेथे लेखकमहाशयांनी, कट्टर प्युरिटन (म्हणजे बॉस्टनवर तेव्हा सत्ता असलेल्या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या) पतीने साथ सोडल्यामुळे ती एकाकी फासावर गेली, असे एका वाक्यात उरकून टाकले आहे.

विल्यम डायर क्वेकर नव्हता, एवढेच काय ते खरे. तेथील धर्मगुरूंना आव्हान देणाऱ्या ॲन हचिन्सनची बाजू घेतल्यामुळे बॉस्टनच्या प्युरिटन सत्ताधाऱ्यांशी त्याचे १६३७ मध्येच बिनसले होते आणि त्यानंतर हे दांपत्य ऱ्होड आयलंडला गेले. पुढे मेरी इंग्लंडहून क्वेकर होऊन परतली. तो झाला नाही. तरीही १६५९ च्या ऑगस्टमध्ये तिला तुरुंगात टाकल्यावर त्याने बॉस्टनच्या न्यायाधीशांना खरमरीत पत्र लिहून जाब विचारला. त्याच ऑक्टोबरात, दोन सोबत्यांना तिच्या डोळ्यांदेखत फाशी दिल्यानंतर, गळ्यात दोर अडकवलेल्या मेरीला खाली उतरवण्यात आले. मे १६६० मध्ये ती पुन्हा बॉस्टनला गेली, तेव्हा २७ मे रोजी त्याने गव्हर्नर एंडिकॉट यांना दुसरे पत्र लिहिले. आपण तिला सहा महिन्यांहून अधिक काळ पाहिलेलेही नाही, हे त्यात त्याने लपवलेले नाही. आपणही कोणाचे तरी पती आहात, तसाच मीही आहे आणि माझी पत्नी मला अत्यंत प्रिय आहे, तिचे प्राण वाचवा, अशी ती विनवणी आहे. १ जूनला तिला फाशी दिली गेली. याला साथ सोडणे म्हणत असतील, तर साथ देणे कशाला म्हणतात, ते लेखकाने कळवावे.

मी चिडले याला घरचेही कारण आहे. मी एकवीस वर्षे पंढरीची वारी केली आणि माझे कैलासवासी यजमान देव मानीत नसत. मात्र निघण्याच्या आदल्या रात्री माझी पिशवी तेच भरीत. गोळ्यांच्या पुडीवर वेळा लिहीत. नातेवाईक मात्र म्हणत, बायकोला अडवीत नाही, त्याअर्थी याला तिची पर्वा नाही. मुलाकडे बॉस्टनला गेलो असता तेथील विधानभवनासमोरचा मेरीचा बसलेला पुतळा आम्ही दोघांनी पाहिला. मी तिच्या मांडीवर विसावलेल्या हातांकडे पाहत होते. यांनी विचारले, ‘‘आणि हिच्या नवऱ्याचे काय झाले?’’ त्या प्रश्नामुळेच मी ते पत्र शोधून वाचले. आपल्या लेखकांना तो प्रश्न पडू नये, याचे नवल वाटते.

जाता जाता, लेखासोबत ‘क्वेकर’ नावाच्या ओट्सच्या डब्यावरील टोपीवाल्या गृहस्थांचे चित्र छापण्याची कल्पना कोणाची? त्या कंपनीचा क्वेकर पंथाशी संबंध नाही आणि मेरीच्या फाशीचा न्याहारीशी तर मुळीच नाही.

माझे मागील पत्र आपण ‘जागेअभावी’ निम्मे छाटले होते. याही वेळी तशी वेळ आली, तर टोपीवाल्याचा मजकूर खुशाल गाळावा. विल्यम डायरची पत्रे तेवढी राहू द्यावीत.

आपली,
एक वाचक, सातारा