'अण्णांना करू द्या' म्हणणाऱ्या आमच्या फिजिओ मॅडमना

नमस्कार मॅडम,

आज 8 सप्टेंबर, जागतिक फिजिओथेरपी दिन. मला माहीत पण नव्हतं, सकाळी अण्णांनीच सांगितलं. तुमच्या क्लिनिकमधल्या कॅलेंडरवर या तारखेला गोल केलाय तो त्यांनी कधी बघून ठेवला देव जाणे. म्हणाले, मॅडमला काहीतरी लिही, नुसतं थँक्यू नको, नीट लिही. म्हणून बसलेय लिहायला. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण आमच्यासारखं अजून कुणाच्या घरी चालू असेल तर त्यांना आत्ताच कळलेलं बरं.

मागच्या डिसेंबरात पहाटे अण्णा उठले आणि मोरीपाशीच कोसळले. उजवा हात, उजवा पाय काहीच हलेना, बोलणं जड. मिरजेला नेलं तर डॉक्टर म्हणाले मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकलीय, आणि हे बहुतेक रात्री झोपेतच झालं असणार, गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ गेली. दहा दिवसांनी घरी सोडलं. कागदावर औषधांच्या खाली 'फिजिओथेरपी' असं लिहिलेलं होतं पण आम्ही कुणी ते मनावर घेतलं नाही. गोळ्यांवर लक्ष, पथ्यावर लक्ष, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी नवीन सांगून जायचा. एकाने सांगितलं लकव्यावर कबुतराच्या रक्ताची मालिश, आणि खोटं कशाला बोलू, आम्ही तेही केलं. तीन आठवडे गेले त्यात. तुम्ही नंतर एकदा सांगितलंत की पहिले तीन ते सहा महिने मेंदू सगळ्यात जास्त वेगाने सावरत असतो, तेव्हा मला ते तीन आठवडे आठवून पोटात खड्डा पडला. तुम्ही मात्र एका शब्दाने बोलला नाहीत. म्हणालात, आता आलाय ना, आजपासून मोजू.

पहिल्या दिवशी तुम्ही घरी आलात तो दिवस मला जसाच्या तसा आठवतोय. आई अण्णांना मऊ भात भरवत होती. दादा दोन्ही काखेत हात घालून त्यांना उचलून बसवायचा, मी तोंड पुसायचे, शर्टाची बटणं लावायचे, पाय उचलून पलंगावर ठेवायचे. आम्हाला वाटायचं आम्ही जीव तोडून सेवा करतोय, आणि करतही होतो. तुम्ही दहा मिनिटं काही न बोलता नुसतं बघत बसलात. मग अण्णांच्या उजव्या खांद्यावर माझी बोटं ठेवलीत आणि म्हणालात दाबून बघा. हाडाच्या वर चक्क खाच लागली, बोट आत जाईल एवढी. स्नायू ढिले पडलेत, हात स्वतःच्या वजनाने खांद्यातून खाली सरकलाय, आणि काखेत धरून किंवा हाताला ओढून उठवलं की तो अजून सरकतो, असं तुम्ही समजावलंत. दादाचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा तुम्ही लगेच त्याला कमरेचा पट्टा कसा धरायचा, पेशंटचा गुडघा आपल्या गुडघ्याने कसा अडवायचा ते करून दाखवलंत आणि त्याच्याकडूनच अण्णांना उभं करवून घेतलंत. पाठ टेकवून ठेवलेला माणूस महिन्याभराने पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा होता, दोन मिनिटं का होईना. आई देवघरात जाऊन रडली.

आणि मग जाताना दारात चप्पल घालता घालता तुम्ही ते बोललात, भरवणं बंद करा. आईला ते किती लागलं तुम्हाला कल्पना नसेल. म्हणाली, ही कालची पोरगी, 40 वर्षं संसार केलाय मी, नवऱ्याला उपाशी ठेवू का. दोन दिवस ती तुमच्याशी नीट बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला शेजारी बसवून सांगितलंत की काकू, हात चालत नाही म्हणून माणूस वापरत नाही, वापरत नाही म्हणून मेंदू त्याला विसरतो, आणि आपण प्रेमापोटी सगळं करून दिलं की ते विसरणं पक्कं होतं. आईला हे पटलं ते तुमच्या शिक्षणामुळे नाही, तुम्ही तिचा हात हातात धरून बोललात म्हणून पटलं. मी नंतर याच्यावर वाचलं. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आधी माकडांवर आणि मग पॅरालिसिसच्या पेशंटवर काम करून हेच दाखवलं की अधू हात कित्येकदा जेवढा वाटतो तेवढा गेलेला नसतो, न वापरायची सवय लागलेली असते, आणि चांगला हात ठराविक वेळ बांधून ठेवून अधू हाताकडून भरपूर काम करवून घेतलं तर ती सवय मोडता येते.

पण तुम्ही हे पहिल्या दिवसापासून लादलं नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी नुसतं कूस बदलणं, पलंगाच्या कडेला तोल सांभाळून बसणं, खुर्चीतून उठणं-बसणं, त्याचेच दिवसाला कितीतरी वेळा. उजव्या हातावर भार द्यायचा, आरशाच्या मागे तो हात लपवून डाव्या हाताची हालचाल आरशात बघायची म्हणजे मेंदूला वाटतं उजवाच हलतोय. मूठ आवळून घट्ट व्हायला लागली तेव्हा रात्रीसाठी स्प्लिंट, म्हणजे बोटं उघडी धरून ठेवणारी पट्टी. पाऊल खाली लोंबायचं, बोटं जमिनीला घासायची आणि अण्णा पाय बाजूने फिरवून टाकायचे, त्याला बुटात घालायचा तो पट्टा. जिन्याचं एक वाक्य तर आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर आधी. आणि मार्चमध्ये मनगट जरा मागे वळायला लागलं, बोटं थोडी उघडायला लागली, तेव्हाच तुम्ही डाव्या हातात तो जाड हातमोजा घातलात. रोज दोन तास.

ते दोन तास. आईशप्पथ, तेवढं अवघड मी आयुष्यात काही केलेलं नाही. समोर अण्णा चमचा उचलताहेत, चमचा पडतोय, भात शर्टावर, डोळ्यात पाणी, आणि मी शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेय. तुम्हीच सांगितलेलं तसं बसायला. एकदा मला राहवलं नाही, मी पटकन चमचा धरला तर तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं म्हणालात, ताई, आत्ता त्यांचं बोट वळणार होतं. तेवढंच. त्यानंतर मी परत कधी मधे हात घातला नाही.

आणि पुड्या! ही आयडिया तुम्हाला कशी सुचली? चेंडू दाबा, मणी उचला, याला अण्णा वैतागले होते, म्हणायचे मी काय लहान पोर आहे का. मग तुम्ही विचारलंत काका दुकानात तुम्ही काय करायचा. ते म्हणाले पुड्या बांधायचो. दुसऱ्या दिवशी तुम्ही जुने पेपर, दोऱ्याचं रीळ आणि किलोभर शेंगदाणे घेऊन हजर. किराणा दुकानात 45 वर्षं ज्या हाताने लाखो पुड्या बांधल्या असतील त्या हाताला कागद दिसला आणि तो आपणहून पुढे गेला, मी बघितलंय ते. वळला नाही, कागद फाटला, शेंगदाणे घरभर सांडले, पण हात गेला पुढे. त्या दिवसापासून अण्णा व्यायामाला नाही म्हणाले नाहीत.

एप्रिलपासून आम्ही क्लिनिकवर यायला लागलो आणि तिथे बाकावर बसून मी जे बघितलं त्याने माझा फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन हा समज पार गेला. त्या शाळेतल्या बाई, शुगरमुळे खांदा जाम झालेला, केसांचा अंबाडा घालता येईना म्हणून केस कापायला निघालेल्या, त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत की याला महिने लागतील, कदाचित वर्षाच्या वर, पण तो सुटतो, आणि घरी भिंतीवर बोटं चढवत न्यायची रेघ रोज पेन्सिलने मारायची. त्यांची ती भिंत म्हणे आता खालपासून वरपर्यंत रेघांनी भरलीय. गुडघा बदललेल्या आज्जी, दुखतंय म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायच्या. तुम्ही ती उशी काढूनच घेतलीत, कारण वाकलेला गुडघा तसाच आखडून बसतो, पाय सरळ व्हायलाच हवा. द्राक्षबागेवाले काका, पाठीवर पंप घेऊन फवारून फवारून मणक्याची गादी सरकलेली, पायात मुंग्या, महिनाभर पलंगावर पडून होते. त्यांना तुम्ही झोपून राहायचं नाही म्हणून सांगितलंत आणि पोटावर झोपून हळूहळू छाती उचलायला शिकवलंत.

आणि तो चार वर्षांचा छोटू. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेला. त्याची आज्जी त्याला कायम कडेवर घेऊन असायची, खाली ठेवायचीच नाही, बिचाऱ्याला त्रास नको म्हणून. तिला तुम्ही आमच्या आईकडे पाठवलंत बोलायला. आई तिला काय म्हणाली ते मी ऐकलं, म्हणाली, बाई, मलाही आधी राग आला होता. उतरव त्याला. आता तो स्टँडिंग फ्रेममध्ये उभा राहून समोरच्या टेबलावर गाड्या पळवतो.

पण तुम्ही सगळ्यांना 'करा करा' म्हणता असंही नाही. कबड्डीवाला पोरगा, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला, चौथ्या महिन्यात पळायला लागला आणि म्हणाला मॅडम मी एकदम ओके, गणपतीच्या स्पर्धेत उतरतो. तुम्ही एवढ्या कडक आवाजात बोललात की अख्खं क्लिनिक गप्प. नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, दुखत नाही म्हणजे भरून आलं असं नाही. कुणाला ढकलायचं आणि कुणाला धरून ठेवायचं हे तुम्हाला कसं कळतं हे मला अजून कोडं आहे, बहुतेक तुम्ही पहिली दहा मिनिटं जे नुसतं बघता ना, त्यात सगळं असतं.

आमच्या एका पाहुण्यांनी तुमच्या तोंडावर विचारलं होतं, म्हणजे मालिशचा कोर्स का तुमचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की तुमची साडेचार वर्षांची डिग्री झालीय, आणि आपल्या देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं स्कूल मुंबईच्या केईएममध्ये निघालं 1950 च्या दशकाच्या सुरवातीला, पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. मग म्हणालात, पोलिओ गेला, 2014 ला भारत पोलिओमुक्त झाला, पण काम काही संपलं नाही बघा. अण्णांनी त्या पाहुण्यांना डाव्या हाताने दार दाखवलं आणि तुम्ही म्हणालात, काका, उजव्या हाताने. पुऱ्या घरात त्या दिवशी किती दिवसांनी हसू आलं.

मॅडम, अण्णा पूर्ण बरे झालेले नाहीत हे आम्हाला माहितीये. काठी आहे, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून नीट उघडत नाही, थंडी पडली की हात कडक होणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंय. पण ते स्वतः जेवतात, स्वतः अंघोळ करतात, सकाळी तासभर गल्ल्यावर बसतात. आईचं म्हणणं आहे की तुम्ही तिचा नवरा तिला परत दिलात. मला वाटतं तुम्ही अण्णांना त्यांचे ते स्वतः परत मिळवू दिलेत आणि आम्हाला तोपर्यंत थांबायला शिकवलंत. पावसात भिजत स्कूटीवरून येऊन, रेनकोट दारात टांगून, कधी एकदाही आज घाई आहे असं न म्हणता.

उद्या क्लिनिकवर येताना अण्णा तुमच्यासाठी एक पुडी आणणार आहेत. आमच्या तासगावचे बेदाणे, पावशेर. आज दुपारी तासभर बसून त्यांनी ती बांधलीय, मोजा न घालता, दोन्ही हातांनी. दोऱ्याची गाठ जरा ढिली आहे. मी घट्ट करायला हात पुढे केला होता, तो त्यांनी उजव्या हाताने बाजूला सारला. तेवढी सांभाळून उघडा.

तुमची,
अण्णांची मुलगी