मान्य पत्त्यांची यादी पुरेशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील लघुउद्योजकांना, तसेच निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदारांना येणाऱ्या बनावट ईमेलवर 'ओळखीच्या पत्त्यांची यादी करा आणि बाकीचे अडवा' असा उपाय सर्रास सुचवला जातो. तो चुकीचा नाही, पण प्रेषकाची खातरजमा करणारी व्यवस्था आधी बसवली नसेल तर तोच अंगाशी येऊ शकतो.

ईमेल ज्या एसएमटीपी पद्धतीने जातो, ती १९८२ साली ठरली. तेव्हा या जाळ्यावर प्रामुख्याने विद्यापीठे आणि संशोधन संस्थाच असल्याने प्रेषकाच्या रकान्यातला पत्ता खरा आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. परिणामी, नेहमीच्या पुरवठादाराचे डोमेन (पत्त्यातला '@' नंतरचा भाग) आपण मान्य यादीत घातले, तर त्याच डोमेनचे नाव लावून आलेला 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा भामट्याचा मेल स्पॅमची चाळणी चुकवून थेट इनबॉक्समध्ये उतरू शकतो.

यावर तीन उपाय उपलब्ध आहेत. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनतर्फे कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवावा, याची डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील डोमेनांच्या सार्वजनिक नोंदवहीत, केलेली नोंद. डीकेआयएम म्हणजे मेलला जोडलेली डिजिटल सही. आणि दिसणारा पत्ता या दोहोंपैकी एकाशीही जुळला नाही तर त्या मेलचे काय करावे, ही डोमेनमालकाची सूचना म्हणजे डीमार्क. या नोंदींसाठी वेगळे शुल्क सहसा पडत नाही. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले, परंतु डीमार्कचे धोरण 'नन' ठेवलेलेही त्यांना चालते, आणि 'नन' म्हणजे अहवाल पाठवा, अडवू मात्र नका. खरी मेख इथेच आहे. नोंद केली म्हणून निर्धास्त झालेला मालक पुढची पायरी चढतच नाही. वास्तविक काही आठवडे ते अहवाल वाचावेत, आपल्या नावाने बिले पाठवणारे सॉफ्टवेअर किंवा पगारपत्रके पाठवणारी बाहेरची सेवा एसपीएफमध्ये नोंदवायची राहिली आहे का ते पाहावे, आणि मगच 'क्वारंटाइन' (संशयित मेल स्पॅममध्ये टाका) व शेवटी 'रिजेक्ट' (मेल स्वीकारूच नका) या धोरणावर जावे. घाईने थेट 'रिजेक्ट' केल्यास आपलीच बिले ग्राहकापर्यंत पोहोचत नाहीत, आणि मग वैतागून सगळेच बंद केले जाते.

अर्थात भामट्याने स्वतःचेच डोमेन घेतले, इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी बसवले, तर तो मेल तिन्ही चाचण्या बिनबोभाट पार करतो, कारण ते डोमेन खरोखर त्याचेच असते. मान्य यादीचा खरा उपयोग अशा वेळी होतो: तो पत्ता यादीत नसल्याने निदान शंका तरी घेता येते. जीमेलमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'शो ओरिजिनल' उघडले की तिन्ही चाचण्यांचे निकाल दिसतात. हिशेब पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला एवढे तरी शिकवावे. खाते बदलल्याचा मेल मात्र चाचण्या पार करून आला तरी, जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

एसएमएससाठी दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१८ च्या नियमांनी व्यावसायिक प्रेषकांना नोंदणी बंधनकारक केली आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले; पण लहान कारखानदाराच्या ईमेलसाठी असा कोणी वाली नाही. म्हणून 'निमा' आणि 'आयमा' या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांच्या डोमेनवरील डीमार्कचे धोरण तपासून द्यावे. ही नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे त्यासाठी कोणाचा पासवर्ड मागावा लागत नाही. उद्योजकांनीही संगणक देखभालीच्या वार्षिक करारात हे काम आणि त्याचे अहवाल वाचण्याची जबाबदारी स्पष्टपणे लिहून घ्यावी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक