पाकिटावरचं अक्षर आधी वाचायला शिकवणाऱ्या काकांना

पुणे, ३० मे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालानं तुमच्या घरी पाठवता आलं असतं. तरी ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते आजच्या आज उपयोगी पडेल अशी पुष्कळ घरं या शहरात आहेत. खडकी, वानवडी, घोरपडी, धानोरी, जिथे जिथे फौजेतून निवृत्त झालेली माणसं स्थायिक झाली तिथे माळ्यावर एखादी काळी ट्रंक असते. वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आत गणवेशाखाली बिस्किटाचा डबा आणि डब्यात निगेटिव्ह. घरातल्यांना त्यात उलटे, काळ्या चेहऱ्यांचे लोक दिसतात, एवढंच. काही डबे शेवटी जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी ताडपत्रीवर येऊन पडतात. तोवर निगेटिव्हची कागदी पाकिटं रद्दीत गेलेली असतात आणि निगेटिव्ह सुट्या झालेल्या असतात.

डबा समोर आला की तुम्ही आधी झाकण उघडून वास घेता. मग पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचता, घडीच्या आत काही लिहिलंय का तेही पाहता. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. फौजेच्या डार्करूममध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, तुम्ही काढलेल्या वर्षांचं सार या क्रमात आहे, आणि आमचे पहिले आभार त्यासाठीच आहेत.

लढाईचे फोटो म्हटलं की लोकांना वर्तमानपत्राचे छायाचित्रकार आठवतात. वर्दीतला फोटोग्राफर कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं १९४१ मध्ये फिल्म आणि फोटोग्राफीसाठी वेगळं युनिट उभं केलं. त्यातले बरेचसे सार्जंट हुद्द्याचे होते आणि त्यांना पाइनवुड स्टुडिओत शिकवलं जायचं. आपल्याकडे पुढे संरक्षण मंत्रालयाच्या जनसंपर्क विभागाचे फोटोग्राफर तुकड्यांबरोबर जात. हा माणूस फोटो काढतो, पण त्यावर त्याचं नाव येत नाही. फोटो सरकारचा. आणि बहुतेक वेळा तो फोटो त्यानं स्वतः पाहिलेलाही नसतो. रोल मागे पाठवला की संपलं. धुतलं कुणी, निवडलं कुणी, सेन्सॉर केलं कुणी, छापलं कुणी, यातलं काहीच त्याला कळत नाही. ही गोष्ट तुम्ही सांगितल्यावर पाकिटावरचं पेन्सिलीचं अक्षर आम्हाला वेगळं दिसायला लागलं. सबंध रोलमध्ये तो स्वतः असतो तो त्या अक्षरातच.

त्याचे हात कसे चालत, तेही तुम्ही रिकामा कॅमेरा हातात देऊन दाखवलंत. रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात वरून खाली काचेत पाहायचं, चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, १२० नंबरच्या रुंद रोलवर १२ चौकोनी फ्रेम मिळतात. खंदकात मान वर काढायची नसेल तर तोच कॅमेरा डोक्यावर उलटा धरायचा आणि खालून काचेत पाहून खटका दाबायचा. काठाच्या वरून घेतल्यासारखी दिसणारी फ्रेम पाहून फोटोग्राफर उभा होता असं आम्ही समजत होतो. तो बसलेला होता, हे काठाची उंची मोजून तुम्ही पटवलंत.

३५ मिमी रुंद फिल्मच्या कॅमेऱ्यात ३६ फ्रेम, पण फोकस करायला वेळ नाही. म्हणून ३५ मिमीची लेन्स एफ ८ वर ठेवून (एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक बारीक होतं) अंतर ५ मीटरवर लावायचं. अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. उन्हाचा हिशेब तोंडपाठ असायचा: १२५ एएसए वेगाची ओर्वो फिल्म असेल तर १/१२५ सेकंद आणि एफ १६, वाळूवर एक स्टॉप आणखी बंद करून, म्हणजे उजेड निम्मा करून, एफ २२. बर्फावर उजेड मोजणारा मीटर वापरला तर तो फसवतो. पांढरं सगळं त्याला करडं करायचं असतं, म्हणून त्यानं सांगितल्यापेक्षा दीड-दोन स्टॉप उघडायचं. कडाक्याच्या थंडीत फिल्म ठिसूळ होते. भराभर गुंडाळली तर तुटते किंवा तिच्यात स्थिर वीज उडते आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. या रेघांना बुरशी समजून पुसायला जाणारे कितीतरी असतील. थंडीतून उबदार बंकरमध्ये येताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्यायचा, नाहीतर आत दव धरतं.

रोल भरताना होणारी चूक तर जीवघेणी. फिल्मची जीभ दात्यांत नीट बसली नसेल तर माणूस दिवसभर खटके दाबतो आणि रोल कोरा निघतो. त्यावर उपाय साधा आहे: लीव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची फिरकी फिरतेय का, ते बघायचं. फिरली नाही तर फिल्म सरकत नाहीये. १२० च्या रोलचं दुखणं वेगळं. संपल्यावर कागदाची गोंदपट्टी जिभेनं ओली करून घट्ट चिकटवायची असते. तोंडात धूळ, हाताला घाम, गोळीबार चालू, आणि ती पट्टी सैल राहिली की कडांवरून उजेड शिरतो. कडेनं धूसर झालेली निगेटिव्ह हातात आली की आता आम्हाला ती सैल पट्टी आठवते. फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओरखडे असतील तर फिल्मच्या कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या मखमलीत वाळू अडकलेली होती.

पण तुमचा सगळा जीव होता तो रोलबरोबर लिहायच्या स्लिपवर. इंग्रज तिला डोप शीट म्हणत. रोलचा नंबर, तारीख, वेळ, जागा, तुकडी, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, आणि माणसं डावीकडून उजवीकडे. नकाशावरची जागा सहा आकड्यांत लिहिली की शंभर मीटरपर्यंत अचूक सापडते. लिहायचं पेन्सिलीनं, कारण शाई घामानं आणि पावसानं पसरते. शक्य असेल तर पहिली फ्रेम त्या स्लिपचीच घ्यायची, म्हणजे कागद हरवला तरी फिल्मवर तो उरतो. नावाबरोबर फौजी नंबर घ्यायचाच. मराठा पलटणीत एका प्लॅटूनमध्ये पाच जाधव सहज निघतील, आणि इंग्रजीत लिहिताना घाडगे आणि घाटगे यांची गल्लत व्हायला कितीसा वेळ लागतो?

स्लिप नसली किंवा चुकली की काय होतं, ते तुम्ही जपानच्या इवो जिमा बेटावरच्या फोटोवरून समजावलंत. २३ फेब्रुवारी १९४५. डोंगरावर पहिला झेंडा लागला तेव्हा फोटो घेतला तो अमेरिकेच्या मरीन कोअरच्या वर्दीतल्या लुई लॉवेरी यांनी. ग्रेनेडपासून वाचायला उडी मारताना त्यांचा कॅमेरा फुटला. नंतर तिथे मोठा झेंडा लावताना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे जो रोझेंथल यांनी तो जगप्रसिद्ध फोटो घेतला, आणि शेजारी उभं राहून सार्जंट बिल जेनॉस्ट यांनी रंगीत चलतफिल्म घेतली. रोझेंथल यांचा रोल ग्वाम बेटावर जाऊन तिथे धुतला गेला, त्यांनी तो पाहिलाच नव्हता. काही दिवसांनी कुणी विचारलं, फोटो मुद्दाम उभं करून घेतला का? त्यांना वाटलं, झेंड्याखाली जमलेल्या मरीनच्या समूहफोटोबद्दल विचारताहेत. ते हो म्हणाले. तो संशय त्यांना आयुष्यभर पुरला. जेनॉस्ट त्या बेटावरच मार्चमध्ये मारले गेले, पण त्यांची फिल्म पुढे या बाबतीत मोठी साक्ष ठरली. आणि झेंडा लावणाऱ्या सहा जणांची नावं? त्यातलं एक २०१६ मध्ये आणि दुसरं २०१९ मध्ये बदलावं लागलं. जगात सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एकाच्या फोटोओळीची ही गत, तर माळ्यावरच्या डब्याचं काय!

याच्या उलट १६ डिसेंबर १९७१ चा ढाक्याचा, पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीचा फोटो. सही करणारे नियाझी आणि शेजारी बसलेले जनरल अरोरा सगळ्यांना माहीत असतात. पण मागे उभे असलेले व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, लेफ्टनंट जनरल सगत सिंग, मेजर जनरल जेकब, इतकंच नव्हे तर कडेला मायक्रोफोन धरलेले आकाशवाणीचे सुरजित सेन, ही सगळी नावं आज आपण घेऊ शकतो, कारण ती कुणीतरी नोंदली आणि जपली.

त्याच युद्धातल्या, राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवालाच्या फ्रेमबद्दलही आभार. ती आघाडी पुण्याच्या सदर्न कमांडच्या अखत्यारीतली. ५ डिसेंबरला उजाडताच जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं गेली, कारण रात्री त्यांना लढता येत नव्हतं. वाळूवर गोल गोल फिरलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांच्या चाकोऱ्या विमानातून घेतलेल्या फोटोत दिसतात. जमिनीवर उभ्या फोटोग्राफरला ती धांदल अशी कधीच दिसली नसती.

ज्यांचे आजोबा किंवा पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेली खूण इथे मुद्दाम लिहितो. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या फोटोंना नंबरापूर्वी अक्षरं असतात. ‘ई’ म्हणजे पश्चिमेचं वाळवंट आणि मध्यपूर्व, ‘एनए’ म्हणजे उत्तर आफ्रिका आणि इटली, ‘एसई’ म्हणजे ब्रह्मदेशाची बाजू, ‘आयएनडी’ म्हणजे हिंदुस्थान. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना ज्या इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तिथल्या मराठा पलटणींचा शोध ‘एनए’त घ्यायचा. फोटोत खांद्यावरचा बिल्ला किंवा गाडीवरची खूण खरवडलेली दिसली तर तो सेन्सॉरचा हात. मूळ निगेटिव्हवर ती खूण बहुधा शाबूत असते.

आता वासाबद्दल. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागलाय. सुटलेलं आम्ल त्याच फिल्मला आणखी कुजवतं आणि शेजारच्या फिल्मलाही धरतं, म्हणून तो डबा लगेच वेगळा काढायचा. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल आणि ती १९५० च्या आधीची असेल तर ती नायट्रेट असू शकते. ती पेटली की विझत नाही, कारण जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते. अशी फिल्म घरात ठेवू नये, जाणत्याला दाखवावी. पिवळट तपकिरी डाग असतील तर हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, नीट धुतला गेला नव्हता. आघाडीजवळ पाणी कुठे होतं भरपूर? आणि इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या जिलेटिनच्या थराला, चिखलासारखं जाळं पडलं असेल तर धुण्याच्या रसायनांचा एक बाथ गार आणि दुसरा गरम होता.

बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्यानं धुवायची नाही, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की तेही इथे लिहिलंच पाहिजे. बुरशी जिलेटिन खाते, मग ते पाण्यात विरघळतं आणि चेहराच वाहून जातो. फुंकणीनं आणि मऊ ब्रशनं जेवढं निघेल तेवढंच काढायचं. डांबरगोळ्या डब्यात नकोत. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती इमल्शनला चिकटतात. पॉलिस्टरची किंवा आम्लविरहित कागदाची घ्यायची, कागदाचा जोड कडेला असावा आणि इमल्शनची मंद बाजू जोडापासून लांब. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, पण जुनं पाकीट फेकायचं नाही, ते सोबत वेगळं ठेवायचं.

स्कॅनिंगचं थोडक्यात: ३५ मिमीला ४००० डीपीआय, सोळा बिटची टिफ फाइल, कडेची भोकं आणि अक्षरं फ्रेममध्ये ठेवून. धूळ काढणारं इन्फ्रारेडचं बटण चांदीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर बंद ठेवायचं, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मशिनला चेहराच धूळ वाटतो. पाकिटाच्या दोन्ही बाजूही त्याच नंबरानं स्कॅन करायच्या.

सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही न रागावता गळी उतरवलीत. नाव माहीत नसेल तर ‘नाव अज्ञात’ लिहायचं. अंदाजानं लिहिलेलं नाव पुढच्या माणसाला खरं वाटतं आणि कुणाच्या तरी आजोबांची जागा दुसराच घेतो. घरचे आग्रह करतात, हे आमचेच असणार म्हणतात, डोळ्यांत पाणी असतं. अशा वेळी नाही म्हणायला बळ लागतं. तुम्ही आधी चहा मागवता, मग हळूच विचारता, ‘नंबर आहे का त्यांचा कुठे?’ आणि कधी कधी तो ट्रंकेवरच पांढऱ्या रंगात सापडतो.

काका, पाऊस आठ-दहा दिवसांवर आला. तुमच्याकडच्या दोन डब्यांत ओल शोषणारं सिलिका जेल बदलायला हवं, निळे दाणे गुलाबी झाले असतील. बुधवारी सकाळी नवीन घेऊन येतो. शेवटच्या रोलच्या फोटोओळी मोठ्या अक्षरात छापून आणतो आहोत, दोन ओळींच्या मध्ये भरपूर जागा सोडून. चार नावांपुढे ‘अज्ञात’ आहे. तुमची पेन्सिल तासून ठेवा.

आपले नम्र,
पुण्यातले तुमचे विद्यार्थी